सहा मिनिटांचं चालणं

टेबलावर दोन लॅपटॉप होते, तीन फोन, शिंपल्यांच्या दोन पिशव्या, चहाचे चार कप आणि कापडाचे सात तुकडे. सातही तुकडे पांढरे होते. गार्गीच्या मते मात्र त्यांतले दोनच पांढरे होते, बाकीचे पाच "क्रीम, नाहीतर आयव्हरी." मोठ्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक समुद्र होता आणि त्याच्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात, प्रांजलचा चेहरा. प्रांजल गोरेगावला बसून लोकांची परदेशातली लग्नं जुळवून द्यायची. म्हणजे नवरानवरी आधीच जुळलेले असायचे, ती हॉटेल, मांडव, फुलं आणि गुरुजी जुळवायची.

"तर बघा, मंडप इथे," ती म्हणाली. पडद्यावरच्या वाळूत एक बाण हलला. "मागे समुद्र, डावीकडे डोंगर. थायलंडमधल्या क्राबीच्या एअरपोर्टवरून गाडी, मग बोट दोन तास. बेटावर आपलंच हॉटेल, दुसरं काहीच नाही. एकदम झकास."

"बोटीतून उतरल्यावर चालायचं किती?" जानकीने विचारलं.

गेल्या तासाभरात तिने मुलीच्या लग्नाबद्दल तीन प्रश्न विचारले होते आणि तिन्ही हेच होते. होणारा जावई केयूर हसला.

"काकू, मी उचलून नेतो तुम्हाला. एवढा जिमला जातो, काहीतरी उपयोग होऊ दे."

"आधी हिला उचलून दाखव. मी शेवटची उचलली तेव्हा चौथीत होती. त्यानंतर माझी हिंमत नाही झाली."

"आई!" गार्गी ओरडली.

"आंटी, पाच-सात मिनिटं वाळूतून चालायचं, बस," प्रांजल म्हणाली. "गुडघ्यांचा प्रॉब्लेम आहे का?"

"हो. गुडघेच."

जानकीच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

"मग एक करा. साठच्या वरच्या सगळ्यांचं डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, विमानाने जायला फिट आहेत म्हणून. बेटावर हॉस्पिटल नाहीये ना, म्हणून हॉटेलवाले मागतात. फॉर्मॅलिटी आहे."

"आईचं लगेच मिळेल," गार्गी म्हणाली. "ती फिटच आहे."

"ओके. आता कन्यादान. गुरुजी विचारत होते, कोण बसणार? तुमचे काका-काकू ना?"

"आई."

"आणि सोबत?"

"सोबत कोणी नाही. आई एकटी बसणार."

चौकोनातला चेहरा क्षणभर थिजला. नेट अडकलं होतं की प्रांजल, ते कळलं नाही.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "आई. लिहून घेते."

गार्गीचे बाबा, शरच्चंद्र, जाऊन नऊ वर्षं झाली होती. मागच्या वर्षी, पुतणीच्या हळदीला, जानकीने सहज म्हणून हळदीचं ताट उचललं, तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी ते तिच्या हातून हलकेच काढून घेतलं होतं. "तू बस हो निवांत," त्या म्हणाल्या होत्या. आवाजात माया होती. जानकी निवांत बसली होती. गार्गी समोरच उभी होती. ती तेव्हाही काही बोलली नाही आणि घरी आल्यावरही नाही. पुढे काही महिन्यांनी ती समुद्रकिनाऱ्यांचे फोटो दाखवायला लागली.

मुलुंडात हॉल घेतला असता तर सगळी भावकी आली असती, आणि कन्यादानाला काका-काकू बसणार हे सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं. बेटावर चाळीस माणसांपुरतीच जागा होती. "आणि ते चाळीस मी निवडणार," गार्गी म्हणाली होती. नातेवाइकांना वाटलं, पोरीला फोटोंची हौस. जानकीने त्यांना तसंच वाटू दिलं.

छातीच्या डॉक्टरांकडे ती दिवाळीनंतर एकटीच गेली होती. खोकला जात नव्हता आणि बाजारातून येताना जिना चढवत नव्हता. डॉक्टर तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. स्कॅन दिव्यासमोर धरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी कबुतरं येतात का, मावशी?"

"मुंबईत कोणाच्या घरी येत नाहीत?"

"दाणे घालता?"

शरच्चंद्र रोज सकाळी गॅलरीत मूठभर ज्वारी टाकायचे. ते गेल्यानंतर, तेरावं आटोपल्यावर, कबुतरं नेहमीच्या वेळी येऊन कठड्यावर बसली, तेव्हा तिने डबा उघडला होता. मग तो ती रोज उघडतच राहिली. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ इतकी वर्षं श्वासातून आत जात राहिली होती आणि फुफ्फुसं थोडी थोडी घट्ट होत गेली होती. "स्पंज वाळून कडक होतो ना, तसं," डॉक्टर म्हणाल्या. ज्वारी बंद झाली, गॅलरीला जाळी बसली. गार्गीला वाटलं, आईला एकदाची स्वच्छता सुचली.

आता सर्टिफिकेटसाठी जानकी पुन्हा त्यांच्यासमोर बसली होती.

"विमानातली हवा विरळ असते," डॉक्टर म्हणाल्या. "महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असते तेवढी. इथे बसल्या जागी तुमचा ऑक्सिजन चौऱ्याण्णव आहे. चालल्यावर किती उरतो ते बघू. सहा मिनिटं चालायचं, बोटाला मशीन लावून. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर मी सही करणार नाही."

"ऑक्सिजनची नळी लावून जातात ना माणसं? मी पाहिलंय."

"जातात. जिथे उतरतात तिथे हॉस्पिटल असतं. तुम्हाला त्रास झाला तर बोटीने दोन तास. नाही, मावशी."

"आणि हळू चाललं तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "टेस्टला फसवता येईल. विमानातल्या हवेला नाही."

खालच्या मजल्यावरच्या प्रेमाला एवढं सगळं ठाऊक होतं, कारण कोणाला तरी सांगणं भाग होतं. प्रेमा मूळची कुडाळकडची. चाळीस वर्षं मुलुंडात काढूनही राग आला की तिची भाषा थेट गावाला जायची.

"सांग गो चेडवाक, गार्गीक," गच्चीवर ती म्हणाली. "आज ना उद्या कळतलाच."

"कळलं तर ती तिकडचं सगळं रद्द करेल."

"मगे काय झाला? हयच कर म्हणान सांग."

"इथे केलं की परत कोणीतरी माझ्या हातातून ताट काढून घेणार. आणि या वेळी गार्गी गप्प नाही बसायची. भर मांडवात भांडेल. स्वतःच्याच लग्नात, मुंडावळ्या बांधून. ते बघू मी?"

प्रेमाने करोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर जानकीच्या बोटाला चिमट्यासारखा लावला आणि फोनवर वेळ लावली. "चल."

जानकीला हळू चालता येत नव्हतं. तेवीस वर्षं ती पालिकेची आरोग्य स्वयंसेविका होती. डाव्या खांद्यावर लसीची थंड पेटी आणि समोर भांडुपच्या टेकडीवरच्या वस्त्या. बर्फ वितळायच्या आत घरं संपवायची, म्हणून चाल आपोआपच तशी झाली. पोलिओच्या रविवारी गार्गीला घरी ठेवायला कोणी नसे. मग ती आईच्या मागून टेकडी चढायची, चालत नव्हे, धावत. आता तीच चाल जानकीला मोडायची होती.

"अगो, पोलिओ पाजूक निघालंस काय? वरातीत चलतत तशी चल. दोन पावलां, मगे थांब, मगे नाचणाऱ्यांक बघ, मगे पुन्हा दोन पावलां."

पहिल्या दिवशी सहा मिनिटांनी शहाऐंशी आला. दोन दिवस तेवढाच येत राहिला. आठवडा संपताना जानकी पाण्याच्या टाकीपासून दांडीवर वाळणाऱ्या चादरींपर्यंत अशी जाऊ लागली की बघणाऱ्याला वाटावं, ही काहीतरी हरवलेलं शोधतेय. आकडा नव्वदवर थांबला.

"नव्वद! पास!" प्रेमा म्हणाली.

जानकीने बोट मशीनमधून काढून घेतलं. तिला विमानातल्या हवेची आठवण झाली. तिथे बसल्या बसल्या काय होईल, हे गच्चीवर करून बघता येत नव्हतं. तरीही गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिने मनातल्या मनात गार्गीचा हात केयूरच्या हातात देऊन पाहिला. स्वतःच्या हाताने.

टेस्टची खोली नव्हती, हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरचा लांब पॅसेज होता. दोन टोकांना दोन नारिंगी शंकू ठेवले होते. श्रुतिका नावाची टेक्निशियन मशीनची वायर सोडवत होती, तेवढ्यात लिफ्टमधून गार्गी बाहेर आली. घाटकोपरच्या ऑफिसमधून ती अर्धी रजा टाकून आली होती.

"तू कशाला आलीस?" जानकी म्हणाली.

"वा! माझ्या दहावीला तू शाळेच्या गेटवर तीन तास उभी होतीस. तुझ्या परीक्षेला मी नको?"

जानकीने प्रेमाकडे पाहिलं. प्रेमाने बाकावरची पिशवी उचलून गार्गीला जागा करून दिली आणि समोरच्या भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचायला घेतला.

"मावशी, धावायचं नाही," श्रुतिका म्हणाली. "पण जमेल तेवढं भराभर चालायचं. शंकूला वळसा घालून परत. दम लागला तर थांबा. मी मागे आहे. करा सुरू."

जानकी वरातीत निघाली. दोन पावलं, मग जरा विसावा, मग पुन्हा दोन पावलं.

"अगं बाई, वधूमाईचा रुबाब आत्तापासूनच!" गार्गी हसली.

जानकी पहिल्या शंकूला वळसा घालून आली, बाकासमोरून पुढे गेली. गार्गीचं हसू कमी झालं. जानकी पुन्हा समोरून आली तेव्हा गार्गी उभी राहिली होती.

"आई, अशी का चालतेयस?"

"बरी चलता हा ती," प्रेमा म्हणाली. "तू गप बस."

"नाही मावशी, माझी आई अशी चालतच नाही. आई, पाय दुखतोय? काय होतंय तुला? खरं सांग."

हा आवाज जानकीने एकदाच ऐकला होता. नऊ वर्षांपूर्वी, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, कॉलेजची सॅक पाठीवर तशीच ठेवून गार्गीने याच आवाजात विचारलं होतं, बाबा कसे आहेत.

"काही होत नाहीये मला."

"मग चाल ना नीट. प्लीज."

प्रेमाने मांडीवरचा तळहात पालथा केला आणि खाली दाबला. हळू. जानकीला तो दिसला. तिने शंकूला वळसा घातला आणि चालायला लागली.

तिची पावलं आता लांब पडत होती. खांदा डावीकडे किंचित झुकला होता. मागून वायर सांभाळत येणाऱ्या श्रुतिकाला चपला वाजवत वेग वाढवावा लागला.

"मावशी, सावकाश. आकडा उतरतोय."

"ती अशीच चालते," गार्गी म्हणाली. आवाज मोकळा झाला होता. ती बाकाजवळून पुढे येऊन आईच्या बरोबरीने चालू लागली. तिलाही पाय ताणावे लागत होते. "बघितलंस, प्रेमामावशी? मी उगाच घाबरले ना यार! आई, मांडवात पण अशीच ये. गुरुजी पळतील समुद्रात."

जानकी हसली. बोलायला हवा उरली नव्हती, म्हणून तिने ओठ मिटून घेतले. धाप बाहेर दिसू नये म्हणून ती नाकाने श्वास घेत होती आणि तो जिथपर्यंत पोचायला हवा तिथपर्यंत पोचत नव्हता. शंकू यायचा, भिंत फिरायची, दुसरा शंकू दिसायचा.

"आणि तुझी साडी मी घेऊन टाकलीये," गार्गी सांगत होती. "आबोली. जरीची. काकू काय म्हणतील ते म्हणू देत, त्या नाहीयेतच तिथे. मोठी नथ पण घालायची हं. चालेल ना?"

जानकीने मान हलवली.

"नुसती मान नको. हो म्हण."

"हो," जानकी म्हणाली. एवढा एक शब्द निघाला.

प्रेमा आता तक्ता वाचत नव्हती. ती खिडकीतून खाली रिक्षांकडे बघत होती.

"वेळ संपली," श्रुतिका म्हणाली. "आहात तिथेच थांबा."

जानकी थांबली. एक हात तिने भिंतीला लावला, मग गार्गी बघतेय हे लक्षात येऊन काढून घेतला. श्रुतिकाने तिच्या पायाशी फरशीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला, मग तिचं बोट धरून मशीनकडे पाहिलं. आकडा स्थिर झाल्यावर तिने खिशातून पेन काढलं.

"किती?" गार्गीने विचारलं. "पास ना?"

श्रुतिकाने कागदावर लिहिलं, अंतर चारशे अठरा मीटर. ऑक्सिजन एक्क्याऐंशी.