जाळीवर आलेले पाहुणे

मित्रांनो, कोपऱ्यात उभे असलेले, तारेच्या जाळीचे जुने कपाट म्हणजे मी. पालघरच्या सुताराने मला दूध-भाकरी ठेवायला घडवले. तारापूरला वीजकेंद्र उभे राहत होते, तेव्हा तिथे कामाला आलेल्या खंडेरावांनी मला सालवडच्या खोलीत आणले. त्यांच्या आई राहीबाई माझ्या पायांखालच्या वाट्यांत रोज पाणी भरत, म्हणजे मुंगी चढत नसे. "कपाट न्हाई, तिजोरी हाय माजी!" असे त्या शेजारणींना सांगत. मी फुलून जाई.

राहीबाईंची सून सुगंधाबाई शाळेत शिकवत. एकदा त्यांना करवंदीच्या जाळीत राखाडी कोष सापडला. तो त्यांनी माझ्या खालच्या कप्प्यात ठेवला. भाद्रपदात त्यातून पतंगाची मादी निघाली. पंख राखेच्या रंगाचे, मागच्या पंखांवर चिंचोक्याएवढा तांबूस ठिपका. शाळेतले अण्णा मास्तर पतंगांचे अभ्यासक. त्यांनी भिंग लावले, जाडजूड पुस्तक चाळले.

"बाई, हा यात नाहीच! नवी जात दिसते. पण नरही हवा. त्याशिवाय वर्णन पुरे होत नाही."

दिवेलागणीला मादीच्या गंधाने नर आले. फणीसारख्या मिशा हलवत मला बाहेरून बिलगले.

राहीबाईंनी हात जोडले. "पितरांचा पंधरवडा हाय, सुगंधा. दारी आलेल्याला मारू नगं."

"आत्याबाई, एकच जोडी घेते. त्याला नाव मिळेल."

"आन जीव?"

अण्णांनी जीव घेणाऱ्या औषधाचा बोळा घातलेली बाटली उघडली. एक नर आत गेला, मग दुसरा.

"अण्णा, एकच नर हवा होता ना?"

"प्रत्येकात थोडा फरक असतो, बाई. मिळताहेत तोवर घेऊ."

बाईंनी त्यांचा हात धरला नाही. सगळे नर बाटलीत गेले, शेवटी मादीही. मला हलता येत नव्हते. पण तिचा गंध माझ्यातूनच बाहेर गेला होता. करवंदीच्या जाळीत ते जगले आणि माझ्या जाळीवर येऊन मेले.

पुढच्या भाद्रपदांत सुगंधाबाईंनी करवंदीच्या जाळ्या धुंडाळल्या. कोष मिळाला नाही, पतंगही दिसला नाही. मग एक दिवस अण्णांनी लिहिलेले त्या पतंगाचे वर्णन छापून आले. बाईंनी ते पान सासूला दाखवले.

"आत्याबाई, नाव ठेवलं त्याचं."

राहीबाईंनी पान उलटसुलट पाहिले. "बारसं झालं म्हन की. मग पाळण्यात कोन हाय?"

बाईंनी पान मिटले. पुन्हा त्यांनी ते कोणाला दाखवले नाही.

मित्रांनो, एखाद्या जिवाची ओळख पटवायला त्याला बाटलीत घालावे लागते, असे शिकलेली माणसे म्हणतात. तसे असेलही. पण हात कुठे थांबवायचा, ते आधीच ठरवा. आज माझ्यात रिकामे डबे ठेवतात. संध्याकाळी एखादे पाखरू चुकून माझ्या गंजक्या जाळीवर टेकते. मला त्याची सोबत हवी असते. तरी मी मनात म्हणते, उड बाबा, इथे बसू नकोस.