फणसाच्या पलंगाची करकर

पहिला पाय

मी एक जुना पलंग आहे, मित्रांनो. फणसाच्या लाकडाचा, वय चौतीस. सुताराने माझा तिसरा पाय बोटभर आखूड कापला, म्हणून मी करकरतो. राजाभाऊ आणि वासंतीच्या लग्नात मी या घरी आलो. घरात माणसं फार. सकाळी चहा देताना राजाभाऊंची आत्या नुसती हसायची. राजाभाऊंनी लाजून पायाखाली लाकडाची ढलपी सारली. ती वरचेवर निसटायची. मला माझ्या करकरीचा अभिमान होता.

दुसरा पाय

राजाभाऊंना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. वेळेत सापडला, ऑपरेशन ठरलं. कागद माझ्यावर पसरून वासंतीने विचारलं, डॉक्टरांशी सगळं बोललात ना? बोललो, म्हणाले. टाके किती, पथ्य काय, हंगामाला कलमांच्या बागेत उतरता येईल का.

"आणि आपलं?"

राजाभाऊ भिंतीकडे बघू लागले. "या वयात ते काय विचारायचं? जीव वाचला म्हणजे झालं."

"अहो, कलम बांधताना सालीला नख लागू देत नाही तुम्ही. आणि स्वतःच्या वेळी खुशाल कोयता चालवा म्हणता?"

मी श्वास रोखला. जरासुद्धा करकरलो नाही.

तिसरा पाय

दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं.

चौथा पाय

बरं झालं आत्ताच विचारलंत, डॉक्टर म्हणाले. गाठ त्या कामाच्या नसांपासून लांब आहे, नसा वाचवायचा प्रयत्न करू. हमी नाही, धीर मात्र धरावा लागेल. वर्ष, दीड वर्षसुद्धा.

गाठ पूर्ण निघाली. मग गोळ्या, व्यायाम, आणि माझं लांबलचक मौन. कधी राजाभाऊ चिडून पाठ फिरवत. वासंती पाठीवर हात ठेवून म्हणे, "मला कुठे गाडी गाठायचीय?" त्या हाताखाली त्यांना झोप लागे. तेही प्रेमच होतं, मी साक्षीला आहे.

चौदाव्या महिन्यात, एका दुपारी, कुळथाचं पिठलं-भात जेवून दोघं आडवी झाली आणि ढलपी निसटली. मित्रांनो, मी असा करकरलो की कौलांवरचा कावळा उडाला.

पुढच्या आठवड्यात आत्माराम सुतार खिडकीच्या कामाला आला. माझा पाय बघून म्हणाला, हाही सारखा करतो.

"त्याला हात लावायचा नाही," वासंती म्हणाली. राजाभाऊंनी हसत ढलपी उचलली आणि बंबात टाकली.

तेव्हा मित्रांनो, जुन्या लाकडाची निगा राखा. ऑपरेशनच्या आधी विचारा. जीभ रेटत नसेल तर बायकोला सोबत न्या. आणि मला कृपा करून दुरुस्त करू नका.