पैकीच्या पैकी

गुंड्याच्या रक्ताची नळी आली तेव्हा ताईनं ती दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिली नाही, स्वतःच मशीनला लावली.

गुंड्या तिचा धाकटा भाऊ. लहानपणी गुटगुटीत होता, म्हणून हे नाव चिकटलं ते चाळिशीतही सुटलं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करायचा. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, तोही झपाट्यानं वाढणारा, केमोनं गेला म्हणून घरानं सुटकेचा निःश्वास टाकला होता. आठ महिन्यांत मानेत पुन्हा गाठ आली.

ताई रुग्णालयाच्या लॅबमध्ये बावीस वर्षं होती. असा उलटलेला आजार झालेला माणूस किती काळ काढेल, हे रक्तावरून आधी सांगता येतं का, याचा अभ्यास मोठे डॉक्टर करत होते आणि त्यातल्या नळ्या तीच तपासायची. नावं नसायची, नुसते क्रमांक; गुंड्याचा तेवढा तिला पाठ होता. पेशींतून रक्तात उतरणारा एलडीएच वाढलेला, अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलेलं, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी, की प्रत्येकाचा एकेक गुण. तिन्ही गुण पडलेल्यांतले निम्मे सहा महिनेही काढत नव्हते.

गुंड्याचा एलडीएच नऊशे चाळीस आला. अडीचशेपर्यंत ठीक. बाकीचे दोन आकडेही वाईटच.

रक्त ओढताना पेशी फुटल्या तर एलडीएच खोटा वाढतो. ताईनं तेवढंच धरून ठेवलं. खरं तर पेशी फुटल्या की नळी यंत्रात फिरवल्यावर वर येणारं पाणी लालसर दिसतं, आणि नळीत ते स्वच्छ पिवळं होतं. तरी ती वर वॉर्डात गेली, नळी नीट भरली नाही अशी थाप मारली आणि आपल्या हातानं रक्त काढलं. नऊशे बावन्न. मशीन पुन्हा तपासून घेतलं. मशीन चोख होतं.

दुपारी ती तिसऱ्या नळीसाठी सुई घेऊन आली, तेव्हा गुंड्यानं बायकोला, ताईच्या भावजयीला, चहा आणायला पिटाळलं. मग बाही वर केली.

"काढ. तुला बरं वाटणार असेल तर काढ."

ताईचा हात थांबला. मग त्यानं अभ्यासाबद्दल विचारलं. डॉक्टरांनी त्याला थोडं सांगितलं होतं.

"मला किती गुण?"

"तीन."

"कितीपैकी?"

"तीनच."

"शाळेत जन्मात कधी पैकीच्या पैकी पडले नाहीत," तो म्हणाला. ताईला हसू येईना. त्यानं बाही खाली ओढली आणि म्हणाला, "हिला सांगू नकोस."

भावजय चहा घेऊन आली. तिनं विचारलं तेव्हा ताईनं आकडे जरा वाढलेत म्हणून वेळ मारून नेली.

दुसरं औषध सुरू झालं. पहिल्या डोसानंतर गाठ मऊ पडली, तेव्हा भावजयीनं उत्साहानं त्याला नवे बूट आणले. दुसऱ्या डोसानंतर गाठ पूर्वीपेक्षा मोठी झाली. चौथ्या महिन्यात गुंड्या गेला.

त्याचे कपडे आवरताना भावजयीनं न बघताच विचारलं, "ताई, तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत? मी त्याला रोज डबा घेऊन ओरडत बसले, खा म्हणून. नुसती बसले असते शेजारी."

त्यानंच नको म्हटलं होतं, एवढं ताईच्या ओठांवर आलं होतं. पण गेलेल्या माणसावर ढकलायचं तिच्या जिवावर आलं. तिनं समोरचा सदरा उचलला. भावजयीनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः घडी घालू लागली.