एकतिसावी ओळ

“हे काढलं तर मशीन उठेल का, एवढंच सांगा वहिनी,” तपासनीस म्हणाला.

सकाळपासून तो मशीन-रूममध्ये तिच्या नवऱ्याच्या खुर्चीत बसला होता. नवरा इथलाच जुना ऑपरेटर, म्हणून ऑफिसला ती वहिनी. तो सहा वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून मशीन तिच्या एकटीच्या गळ्यात. आता मशीन दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार होतं, आणि सोबत फक्त ऑपरेटिंग सिस्टिम. बाकी सगळं पुसायचं. सिस्टिम कशाला म्हणायचं, याची तपासनिसाची कसोटी साधी होती. फॉर्मवरच्या ओळींप्रमाणे एकेक गोष्ट काढायची, मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. उठलं, तर ती गोष्ट बाहेरची; नाही उठलं, तर आतली.

ओळ ४. छपाईची रांग. उठलं. बाहेरची.

ओळ १७. घड्याळ. नाही उठलं. आतलं.

ओळ २२. टेप वाचणारा प्रोग्राम. उठलं.

“आमच्या घरी ही कसोटी लावली तर मीच बाहेरचा निघेन,” तो म्हणाला. वहिनी हसली, पण तिचं लक्ष खालच्या ओळीकडे होतं.

ओळ ३१. नवऱ्याचं लॉगिन.

रोज सकाळी उठताना मशीन पडद्यावर विचारायचं, ऑपरेटर हजर? त्याच्या लॉगिननं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे हलायचं नाही. त्याचा अंगठा कायम स्पेसबारवर पडलेला, त्यामुळे उत्तराआधी एक जागा मोकळी सुटायची. ती त्यावरून त्याला चिडवायची. सहा वर्षं त्याच्या नावानं तीच ‘हजर’ टाइप करत आली होती, मोकळी जागा न सोडता. लॉगिन बदलून घेणं एका अर्जाचं काम. तो अर्ज तिनं केलाच नव्हता.

हे सगळं तिनं आज पहिल्यांदा कुणाला सांगितलं. तपासनिसानं फॉर्मवर त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, मशीन अडलं, तर मी स्वतः ‘आतलं’ लिहीन. तिला तेवढंच हवं होतं.

लॉगिन काढलं. मशीन चालू केलं. पंख्यांचा आवाज चढत गेला.

ऑपरेटर हजर?

सवयीनं बोट जायला नको, म्हणून वहिनीनं कीबोर्डची वायर उपसून मुठीत धरली. एक मिनिट गेलं. दोन. अडलं होतं. तिच्या जिवात जीव आला.

मग पडद्यावरचा कर्सर एक घर पुढे सरकला. मोकळंच. त्यानंतर एकेक अक्षर, सावकाश.

  हजर

मशीन उठलं.

“कुठून आलं हे?”

वहिनीनं मूठ उघडून वायरचं टोक दाखवलं.

तपासनिसानं बराच वेळ पेन नुसतंच धरून ठेवलं. “वहिनी, नियमानं... उठलंय ते. पुसावं लागेल.”

“पुसा,” ती म्हणाली. “ह्यांचं काही अडत नाही लॉगिनवाचून.”

ओळ ३१. उठलं. बाहेरचं.

एवढं लिहून तो, कुणी काही न म्हणता, खुर्चीतून उठला. खुर्ची पडद्यासमोर होती तशी नीट सरकवून ठेवली आणि उरलेल्या ओळी उभ्यानंच भरल्या.