कुवेतहून आलेली कॅसेट आणि मी

मी चार पदरी टेपरेकॉर्डर बोलतोय. साधा टेप कॅसेटची एक बाजू वाजवतो, मग माणूस ती उलटून घालतो. मी दोन्ही बाजू एका दमात वाचतो. दुसरी बाजू मात्र मला शेवटाकडून, उलटी ऐकू येते. जन्मजात खोड आहे, काय करणार!

जन्म जपानचा, पण आयुष्य गेलं कैरोत. आधी लग्नांत गाणाऱ्या एका गायकाकडे होतो. त्याने मला राब राब राबवलं आणि घरात कॉम्प्युटर आल्यावर जिन्याखाली टाकलं. अकरा वर्षं माझ्या आडोशाला मांजरी व्यायल्या. मग भंगार, आणि भंगारातून शुक्रवारचा बाजार. तिथे रदवाने मला उचललं.

रदवा म्हणते, ती संगीत करते. शेजारी तसं म्हणत नाहीत. फ्रिजची घरघर, मेट्रोच्या दारांची शिट्टी असलं काहीबाही ती माझ्यात भरते, संथ करते, एकावर एक चढवते. तिचा जोडीदार बासेम तारांचा गुंता झालेली एक पेटी घेऊन येतो, ती कण्हल्यासारखी वाजते. या दोघांना कुठली कंपनी विचारत नाही. आपणच वाजवायचं, आपणच कॅसेटी काढायच्या. पण खरं सांगतो, इतका कान देऊन मला आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

कोऱ्या कॅसेटी आता मिळत नाहीत. म्हणून ही मंडळी बाजारातून जुन्या गायकांच्या कॅसेटी पिशवीभर आणतात. आतलं पुसलं जाऊ नये म्हणून कुणी काठावरची टिकली मोडलेली असली, तर त्या भोकात कागदाचा बोळा कोंबतात, की झालं काम.

त्या मंगळवारी पिशवी रिकामी झाली होती आणि गुरुवारी कार्यक्रम होता. रदवाने आईचं कपाट धुंडाळलं. गायकाचं चित्र छापलेली एक कॅसेट सापडली. टिकल्या मोडलेल्या होत्या. तिने बोळा कोंबला आणि गच्चीवरच्या पंपाची भुणभुण अर्धा तास तिच्यावर भरली.

तेवढ्यात तिची आई इहसान चहा घेऊन आली.

"ही कॅसेट कुठली गं?"

"तुझ्या कपाटातली. तो रडका गायक."

ट्रे टेबलावर आदळला. "रडका गायक नाही, कार्टे! तुझा बाप आहे तो!"

कुवेतला कामाला गेलेले पुरुष तेव्हा पत्रं लिहीत नसत, कॅसेटवर बोलून पाठवत. हाताशी असेल त्या गायकाला पुसायचं आणि बोलायचं. रदवाचा बाप फत्ही तिकडेच वारला, तेव्हा ती दोन वर्षांची होती. त्याचा आवाज घरात एवढाच उरला होता.

रदवाचा चेहरा पांढराफटक पडला. इहसान भिंतीला टेकून खाली बसली. मला तर वेड लागायची पाळी आली. कारण मला माहीत होतं! रदवाने पंप दोनच पदरांवर भरला होता. उरलेल्या दोन पदरांवर, म्हणजे दुसऱ्या बाजूवर, तो माणूस जसाच्या तसा होता. पण कुणी कळ सरकवल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

"मावशी, निदान पाहू तरी," बासेम चाचरत म्हणाला आणि त्याने माझ्या चारही कळा वर सरकवल्या.

पंपाच्या मागून कुणीतरी उलटं बोलू लागलं.

"पंप खाली घे!" रदवा ओरडली. मग तिनेच कॅसेट काढली, उलटून घातली आणि कळांची अदलाबदल केली.

"इहसान," फत्ही म्हणाला, "तू शिकवलेली मुलुखियाची पातळ पालेभाजी इथे करून पाहिली. चिखल झाला. तुझीही काही फार वेगळी होत नाही म्हणा."

माझ्या पोटात चाकं फिरत होती, पण जीव भांड्यात पडला.

इहसान रडता रडता हसली. "ऐकलंस? मेला तरी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतोय!"

"पण आई, पहिली बाजू गेली ना."

"जाऊ दे. तिच्यावर नुसते सलाम होते. मामाला सलाम, आत्याला सलाम, खालच्या इस्त्रीवाल्याला सलाम. माझी पाळी यायला कॅसेट उलटावी लागायची."

रदवाने त्याच संध्याकाळी त्या बाजूच्या कॉम्प्युटरवर तीन प्रती काढल्या. गुरुवारी तिने मला नेलंच नाही. बासेमच्या पेटीवर भागवलं.

आता मी स्वयंपाकघरात असतो. दुपारी इहसान भाजी निवडायला बसते, मला सुरू करते आणि फत्हीच्या एकेका वाक्याला उत्तर देते. कधी चिडते, कधी थांबवून पुन्हा ऐकते. माझा पट्टा सैल होत चाललाय, त्याचा आवाज जरा जाड येतो. "ह्यांना सर्दी झालीय," ती म्हणते.

माझी विनंती एवढीच: मला दुरुस्तीला न्याल तेव्हा लवकर परत आणा. तिचं भांडण अर्धवट राहतं.