वजनांचा विसावा

काटेसाहेबांना बायकोने आयुष्यात कधी खोटं पाडलं नव्हतं, कारण तशी वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती. ती आली एका फोनमुळे. साहेब आंघोळीला गेले होते, मोबाइल टेबलावर वाजत होता, म्हणून तिने उचलला. पलीकडे औषधांच्या कारखान्याचे मालक होते.

"वहिनी, साहेबांची निवृत्तीआधीची ही शेवटची फेरी. छोटासा निरोप समारंभ ठेवलाय. तुम्ही आल्याशिवाय मजा नाही."

तिने एका दमात हो म्हणून टाकलं. साहेब टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि ऐकून जागच्या जागी उभे राहिले.

काटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनकाटे तपासायचं काम, म्हणून शेजारीपाजारी त्यांना काटेसाहेब म्हणत आणि तिला ओघानेच काटेबाई. औषधांच्या कारखान्यात चिमूटभर भुकटी तोलणारे नाजूक काटे असतात. प्रमाणित वजनं ठेवून ते खरे की खोटे हे बघायचं आणि सही करायची, एवढं काम. त्यासाठी साहेब दर महिन्याला वजनांची मखमली पेटी घेऊन त्या गावी जात आणि चौथ्या दिवशी पिळून काढलेल्या फडक्यासारखे घरी परत येत.

आल्या आल्या खुर्चीत बसून सुरू व्हायचं. हॉटेलातली गादी म्हणजे बटाट्याचं पोतं. नळाला गंजाचं पाणी. चहा म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. जिने चढून चढून गुडघ्यांची वाट लागली. ती बिचारी तेल गरम करायची, गुडघे चोळून द्यायची, मऊ भात टाकायची आणि मनात म्हणायची, कमावणं काय सोपं असतं? माणूस आपल्यासाठीच मरमर मरतोय.

आता कारखान्याचं म्हणणं होतं की निवृत्तीनंतरही साहेबांनी असंच यावं, सल्लागार म्हणून. साहेबांनी तो निर्णय मोठ्या मनाने बायकोवर सोपवला होता. "मला काय, मी कंटाळलोय. पण लोक गळ घालतात. तूच ठरव. तू हो म्हणालीस तर जाईन बापडा, नाही म्हणालीस तर सुटलो." तिचं ठरलेलं होतं. नाहीच म्हणणार होती ती. पुरे झाली ही वणवण, उरलेले दिवस माणसाने घरी सुखाने काढावेत. आता ती स्वतःच येणार म्हटल्यावर मालकांना तोंडावर सांगायचं, एवढंच बाकी होतं.

निघायच्या आदल्या दिवसापर्यंत साहेब तिला परावृत्त करत होते. "तुझी पाठ धरेल. तुला झेपायचं नाही ते हॉटेल."

"तुम्हाला इतकी वर्षं झेपलं, मला चार दिवस झेपणार नाही?" ती म्हणाली. आणि तिने बॅग भरायला घेतली.

हॉटेल जुनं होतं यात शंका नाही. कधीकाळी कामानिमित्त फिरणाऱ्या साहेब लोकांसाठी ते मोठ्या दिमाखात बांधलं असणार. दारातल्या गालिच्यावर सिगारेटची भोकं होती. जिन्याखालच्या काचेच्या खोलीवर 'बिझनेस सेंटर' अशी पितळी पाटी होती आणि आत प्लास्टिकच्या टोपीखाली एक फॅक्स मशीन झोपलं होतं. खोलीच्या भिंतीवर पँटला इस्त्री करायचं लाकडी यंत्र, कमोडच्या शेजारी टेलिफोन. तिथे बसून कोणाला फोन करायचा, हे कोडं तिला शेवटपर्यंत सुटलं नाही. पण चादरी कडक स्वच्छ होत्या, पाणी नितळ होतं आणि लिफ्ट चांगली गुळगुळीत चालत होती.

काउंटरवर टक्कल पडलेला, गोल चेहऱ्याचा मॅनेजर होता. साहेबांना बघून तो अक्षरशः उठून बाहेर आला. "या, या! तुमची खोली तयार आहे, मागच्या बाजूची." मग त्याने काउंटरखालून एक पिशवी काढली आणि तिच्यातून साहेबांच्या सपाता काढून पायाशी ठेवल्या. "धुऊन ठेवल्यात."

"तुमच्या सपाता इथे असतात?" तिने विचारलं.

"विसरलो होतो मागच्या वेळी," साहेब घाईने म्हणाले. मॅनेजरने भुवया उंचावल्या, पण हॉटेलात आयुष्य काढलेला माणूस, त्याने खोलीची किल्ली पुढे केली.

त्या संध्याकाळी ती जरा पाठ टेकायची म्हणून आडवी झाली आणि सकाळी उजाडल्यावरच उठली. इतक्या वर्षांत तिला अशी झोप लागली नव्हती. कोणी हाक मारली नाही, दूधवाल्याने बेल वाजवली नाही, कुकरची शिट्टी नाही. गादी लोण्यासारखी मऊ होती. डोळे उघडल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की अशी झोप मिळत असेल तर घरी परत जायला कोण उतावीळ होईल? विचार आला तसा तिने तो झटकला, पण तो पुरता गेला नाही.

"आज कारखान्यात किती वाजता जायचं?" तिने नाश्त्याला विचारलं.

"आज नाही. आज वजनं विसावतात."

"म्हणजे?"

साहेबांनी टोस्टला लोणी लावता लावता सांगितलं. वजनं गाडीतून येतात, कधी गार पडलेली, कधी तापलेली. ती काट्याच्या खोलीत एक दिवस नुसती ठेवून द्यायची. खोलीइतकी गरम-गार झाली की मगच तोलायचं, नाहीतर आकडा चुकतो. काल येता येता पेटी तिथे ठेवून आलो, उद्या सकाळी तपासणी.

"आणि मग तुम्ही आज काय करता?"

"कामं असतात गं," साहेब म्हणाले आणि नॅपकीन टाकून उठले.

ती कामं तिला अकराच्या सुमाराला सापडली. खोलीत बसून कंटाळली म्हणून खाली आली, तर तळघरातल्या जुन्या समारंभाच्या हॉलमधून टकाटक आवाज येत होता. हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल होतं. एका बाजूला टकला मॅनेजर घामाघूम झाला होता आणि दुसऱ्या बाजूला काटेसाहेब, बाही दुमडून, गुडघ्यांत वाकून, हरणासारखे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत होते. आणि हसत होते. तोंडभर, आवाज करून. तिच्या संसारात तिने हे हसू लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं.

दारातच ती वळली. ज्या गुडघ्यांना तिने बाटल्याच्या बाटल्या तेल जिरवलं, ते गुडघे हेच.

दुपारी जेवणानंतर साहेब आडवे झाले आणि ती खाली लॉबीत येऊन बसली. मॅनेजर चहा घेऊन आला आणि समोरच्या खुर्चीवर टेकला. चांगला माणूस होता. चांगल्या माणसांनी जेवढं वाटोळं केलंय तेवढं वाईटांनी केलं नसेल.

"वहिनी, तुमच्याबद्दल साहेब नेहमी बोलतात. फार विश्वास त्यांचा तुमच्यावर."

"हो का?"

"तर! त्यांच्या आई अत्यवस्थ होत्या ना, तेव्हा साहेब इथेच होते. तुमचा फोन आला, मीच जोडून दिला. मी म्हटलं, साहेब, निघा, मी गाडी काढून देतो, तीन तासांत पोचाल. कामही नव्हतं हो त्या दिवशी, वजनं विसावत होती. तर म्हणाले, 'तिथे ती आहे. ती सगळं बघते. मी जाऊन काय करू?' आणि खाली जाऊन खेळत बसले. संध्याकाळपर्यंत. माझा हात भरून आला, पण म्हटलं दुःखातला माणूस आहे, खेळू दे."

तिने कप खाली ठेवला. 

तो दिवस तिला पाठ होता. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं करायला म्हणून तिने इस्पितळातली रक्ततपासणीची नोकरी सोडली होती, त्याच वर्षी तिला प्रयोगशाळेची प्रमुख करणार होते. घरात कोणीतरी हवं ना, साहेबांना तर फिरतीवाचून गत्यंतर नाही. त्या दिवशी सकाळपासून सासूबाईंचा श्वास लागला होता आणि दर थोड्या वेळाने त्या एकच विचारत होत्या, "आला का गं?" आणि ती सांगत होती, "निघालेत, आई. वाटेत आहेत." फोनवर साहेब म्हणाले होते, "वजनं मांडून ठेवलीत, काम अर्ध्यावर आहे, सोडून कसा येऊ?" तिला वाटलं होतं, केवढ्या डोंगराखाली अडकलाय माणूस. सासूबाई संध्याकाळी गेल्या. शेवटपर्यंत दाराकडे बघत.

तिच्या मनात आलं, यापेक्षा इथे एखादी बाई असती तर बरं झालं असतं. सवत असती तर तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या, चार लोकांत तिचं नाव घेऊन रडता आलं असतं. पण मऊ गादी, धुतलेल्या सपाता आणि टकाटक उडणारा चेंडू यांच्याशी माणसाने भांडायचं कसं? नवरा दुसरीकडे कोणाकडे जात नव्हता. तो नुसता तिच्यापासून, आईच्या अंथरुणापासून, घरापासून दूर जात होता, आणि वर गुडघे चोळून घेत होता.

तरी तिने एक संधी दिली. बाई न्यायाची होती. संध्याकाळी खोलीत साहेब पँट त्या लाकडी यंत्रात अडकवत होते, तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई गेल्या तेव्हा तुम्हाला खरंच निघता आलं नसतं?"

साहेबांचा हात क्षणभर थांबला. मग पाठमोरेच म्हणाले, "अगं, किती वेळा सांगू? वजनं मांडलेली होती. काम टाकून येता येतं का? मला काय कमी वाईट वाटलं?"

सकाळी विसाव्याचा सगळा मंत्र आपणच बायकोला शिकवलाय, हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तपासणी दोन तासांत आटोपली. मग कारखान्याच्या सभागृहात निरोप समारंभ झाला. पन्नासेक माणसं, फुलांचे गुच्छ, बिस्किटं. हॉटेलचा मॅनेजरही नवा कोट घालून दुसऱ्या रांगेत बसला होता. मालक बोलायला उभे राहिले.

"साहेबांचा काटेकोरपणा बघा. आठ वर्षांपूर्वी आम्ही त्यांना म्हटलं, प्रमाणित वजनांचा एक संच कायमचा इथेच ठेवू. म्हणजे विसाव्यात दिवस जायला नको. सकाळी या, तपासा, संध्याकाळी घरी जा. तर साहेब म्हणाले, 'नाही, मी माझी पेटी घेऊनच येणार.' घरदार सोडून चार-चार दिवस राहणं पत्करलं, पण कामात तडजोड केली नाही!"

टाळ्या कडाडल्या. आठ वर्षांपूर्वी. म्हणजे सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्याच वर्षी. साहेब समोरच्या गुच्छातली एकेक पाकळी उगाच नीट करत होते. तिच्याकडे बघत नव्हते.

"आणि आता वहिनी," मालक हसत तिच्याकडे वळले, "साहेबांनी चेंडू तुमच्या कोर्टात टाकलाय. दर महिन्याला त्यांनी यावं अशी आमची इच्छा आहे. काय सांगता?"

साहेबांनी आता मात्र तिच्याकडे बघितलं. चेहरा कंटाळलेला ठेवला होता, पण डोळे नुसते आशेने भरलेले, खाऊच्या पुडीकडे बघणाऱ्या पोरासारखे. सांग, 'जा' म्हणून. तिला क्षणभर दयासुद्धा आली. मग दाराकडे लागलेले दुसरे डोळे आठवले.

ती उभी राहिली. चार लोकांत बोलायची सवय नव्हती, पण आवाज स्वच्छ निघाला.

"नको. मला माफ करा, पण आता नको. तुम्हाला ठाऊक नाही, यांनी किती सोसलंय. हे तोंडाने बोलायचे नाहीत, पण घरी आले की मला सांगतात. त्या हॉटेलातली गादी म्हणजे बटाट्याचं पोतं. गंजाचं पाणी. चहा तोंडात घालवत नाही. जिने चढून यांचे गुडघे कायमचे गेले. दर महिन्याला तेल लावून मी ते उभे करते. इथला एकेक दिवस यांनी कसा काढला ते मला माहीत आहे. आता यांना घरी राहू दे. फिरती बंद."

सभागृह हळहळलं. कोणी 'खरंय' म्हणालं. मालकांनी हात जोडले. दुसऱ्या रांगेत मॅनेजर तोंड उघडं टाकून साहेबांकडे बघत होता, आणि त्याच्या गोल चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता. साहेबांनी काहीतरी बोलायला ओठ हलवले. पण बोलणार काय? हॉटेल चांगलं आहे म्हणावं तर बायकोसमोर खोटे, वाईट आहे म्हणावं तर मित्रासमोर. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी गुच्छ हातात घेतला आणि मान डोलावली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

हॉटेल सोडताना मॅनेजर काउंटरवर नव्हता. दुसऱ्याच कोणीतरी किल्ली घेतली.

गाडी गावाबाहेर पडेपर्यंत साहेब पेटीची कडी उघडझाप करत होते. मग म्हणाले, "मला विचारायचं तरी होतंस."

"तूच ठरव म्हणालात ना?"

"हो, पण..." ते थांबले.  "घरी बसून मी करू काय?"

तिला वाटलं होतं, जिंकल्यावर थोडं बरं वाटेल. पण शेजारी पेटी मांडीवर घेऊन बसलेला तो माणूस आता रोज, सकाळ-दुपार-संध्याकाळ, तिच्याच स्वयंपाकघराच्या दाराशी बसून असणार होता. महिन्यातले ते चार दिवस, ज्यात सासूबाई गेल्यापासून तिलाही कोणी हाक मारत नसे, ते तिने आपल्याच हाताने कायमचे बंद करून टाकले होते. आणि आता त्याला बघितलं की प्रत्येक वेळी तिला सासूबाईंचा प्रश्न ऐकू येणार होता. खरं उत्तर ऐकायला मात्र त्या नव्हत्या.

"चहा घ्यायला थांबायचं का कुठे?" साहेबांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "घरी गेल्यावर करते."