बंद करण्याचं उद्घाटन

करडीच्या टिकारामजींनी आपल्या राइस मिलला हिरवा रंग द्यायचं ठरवलं, तेव्हा कामाला लाखनीहून उर्वशी आली. तिशीची बाई, डोळ्यांवर प्लास्टिकचा मोठा चष्मा, हातात मोजे, सोबत हवेवर चालणारा रंगाचा पंप. चार दिवसांत तिने तीन भिंती संपवल्या. दर्शनी भिंत टिकारामजींनी मुद्दाम राखून ठेवली होती. सोसायटीचे अध्यक्ष गोमाजी येऊन हवेचा व्हॉल्व्ह उघडतील आणि लोकांसमोर भिंत हिरवी होईल, असा त्यांचा बेत होता. व्हॉल्व्हला लाल फीतही बांधून झाली होती.

गोमाजी अकराला येणार होते. साडेदहाला उर्वशीने कोपऱ्यात थोडा रंग मारून पाहिला आणि पंपाच्या नळीला लावलेल्या गनचं तोंड तुंबलं. तिने हवा बंद केली. गन लोखंडी बादलीच्या काठाला टेकवून घोडा दाबला. थेंबही पडला नाही.

टिकारामजी धावत आले. "का झालं?"

"तोंड तुंबलं. आत दाब अडकून राहिला."

"हवा बंद केली ना? मंग दे इकडं, टाचणीनं काढतो." त्यांनी उजवा हात पुढे केला.

"काका, हात मांगं घ्या," उर्वशी म्हणाली. "यातून रंग सुटला त चामडीत घुसते. वरून टाचणीएवढं भोक दिसते अन् आतून बोट सडते. मंग डॉक्टर कापून टाकते."

टिकारामजींनी हात खिशात घातला. गोमाजी आले तरी तो बाहेर निघाला नाही. त्यांना हार घातला तो डाव्या हातानेच, आणि तो एका कानावर लटकून राहिला.

मांडवात दीडशे माणसं बसली होती. गोमाजी व्हॉल्व्हपाशी गेले. "खोलू का?"

"खोलता नाही येत," उर्वशी म्हणाली. "दाब अडकला हाये. आज पंप फक्त बंद करता येते."

गोमाजी विचारात पडले. आजवर त्यांनी दोन बोअरवेल, एक पाणपोई आणि एक झेरॉक्सचं दुकान उघडलं होतं. बंद काहीच केलं नव्हतं.

"बंद त बंद," ते शेवटी म्हणाले. "त्याचंच उद्घाटन करू."

टिकारामजींनी माइकवर तसं जाहीर केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टिकारामजींच्या पत्नी कलाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. जवळच थिनरचा डबा उघडा होता, म्हणून उर्वशीने दिवा लांबूनच परत पाठवला. कलाबाईंनी नुसत्या वातीने आणि न पेटवलेल्या उदबत्तीने पंपाला ओवाळलं. पुढच्या रांगेतल्या डोमा नावाच्या माणसाने कानावरची बिडी आपणहून काढून मागे पाठवली.

उर्वशीने गोमाजींना जवळचा दुसरा चष्मा आणि हातमोजे घातले. त्यांनी फीत कापली आणि पंपातला दाब सोडायला खालचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडला. पंपातला रंग बादलीत पडला. पुन्हा टाळ्या.

"आता गनचा नट मी ढिला करतो," उर्वशी म्हणाली. "हळूहळू करा लागते. तुम्ही तोवर भाषण करा."

"किती वेळ?"

"नट सुटेपर्यंत."

गोमाजींना आजवर सगळ्यांनी आटपतं घ्यायलाच सांगितलं होतं. ते धानावर बोलले, तलावातल्या गाळावर बोलले, मग आपल्या दिवंगत बायकोबद्दल बोलले, जे त्यांनी घरीही कधी केलं नव्हतं. नट केसाकेसाने फिरत होता. बाविसाव्या मिनिटाला बारीक फुस्स झालं आणि बादलीत हिरवा गोळा पडला. दीडशे माणसं उभी राहिली. गोमाजींनी चष्म्याखाली बोट घालून डोळे पुसले.

मग उर्वशीने गनचं तोंड काढलं आणि अगदी कमी हवेवर पंपातून थिनर फिरवलं. आधी गडद हिरवं आलं, मग पोपटी. तिच्या मते तेवढ्याने भागत होतं.

"हिरवट हाये अजून," कलाबाई म्हणाल्या. बाकीच्या बायकांनीही वाकून पाहिलं आणि मान हलवली. आणखी दोनदा थिनर फिरलं. पाण्यासारखं निघालं, तेव्हाच त्यांनी जेवणाच्या पंक्ती बसू दिल्या.

दुसऱ्या दिवशी उर्वशीने नवं तोंड बसवून ती भिंत चाळीस मिनिटांत रंगवली. पाहायला कोणी आलं नाही.

गोमाजींना मात्र महिनाभरात तीन बोलावणी आली. गोसीखुर्द धरणाकडचा बर्फाचा कारखाना, एक भजन मंडळ आणि एक शिलाई क्लास, तिन्ही बंद करायची होती. ते तिन्हीकडे गेले आणि सावकाश बोलले.